वरच्यावर

आमच्या शेजारचे भाऊ भाटकर मोटारीचं इंजिन ऑइल घरच्या घरी स्वतः बदलतात, आणि बदलताना गाडीखाली जात नाहीत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण भाऊ नुसते गाडीखाली जात नाहीत असं नाही. आपण गाडीखाली जात नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात. पोस्टमनला सांगतात, मासे घेऊन येणाऱ्या बाईला सांगतात. मागे आळीत सत्यनारायण होता, तेव्हा तीर्थासाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून त्यांनी भटजींना सांगितलं, "गाडी आहे ना तुमची? खाली जाऊ नका. सगळं वरच्यावर होतं." भटजींची गाडी म्हणजे स्कूटर. तिच्याखाली जायचं म्हटलं तरी त्यांच्या देहाला ते जमलं नसतं.

भाऊ तीस वर्षं बोटीवर होते. इंजिनाला तेल घालणं, तेल पुसणं, तेल काढणं, हेच काम. तिथल्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले, आणि स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने बोलायची सवय मात्र पूर्ण राहिली. त्यामुळे मुरुगवाड्यातल्या आमच्या आळीत भाऊंचं खासगी असं काही नाही. त्यांनी कुजबुजायचं ठरवलं तरी चार घरांपलीकडचा कुत्रा कान टवकारतो.

"मास्तर," ते मला विचारतात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो म्हणून मास्तर. "बोटीचं तेल काढायला कोण बोटीखाली शिरतो काय?"

"नाही."

"का नाय? खाली दर्या असतो!"

"पण भाऊ, तुमच्या गाडीखाली दर्या नाही. लादी आहे."

"तुमचं ते पुस्तकातलं," असं म्हणून ते विषय मिटवतात.

पद्धत त्यांची साधी आहे. गाडी पाच-दहा मिनिटं नुसती चालू ठेवायची. "तेल कोमट झालं की ऐकतं." मग ती बंद करून तेल मोजायची पट्टी उपसायची, पुसून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी बारीक नळी सोडायची, पार बुडाला टेकेपर्यंत. नळी टेकली की भाऊ डोळे मिटून मान हलवतात. मग पंप. काळं तेल नळीतून चढतं आणि बरणीत पडतं. फिल्टरही त्यांच्या गाडीत वरूनच हाताला लागतो, आणि हे आपण गाडी घेतानाच बघून ठेवलं होतं, अशी एक थाप ते मारतात. नवीन तेल वरून ओतायचं, पट्टीवरची खूण बघायची, हात धुवायचे. पाठ मोडत नाही, बनियन पांढरी ती पांढरीच. बुडाला थोडं जुनं तेल राहतं तेवढंच. मला कबूल करायला जड जातं, पण पद्धत चांगली आहे.

काढलेलं जळकं ऑइल वाया जात नाही. आमच्याकडे लाकूड दिसलं की वाळवीला आमंत्रण गेलंच म्हणून समजा. त्यावर जळक्या ऑइलचा हात फिरवणं हा जुना उपाय. त्यामुळे आळीतली झाडून सगळी लाकडी फाटकं भाऊंच्या तेलाने काळी आहेत, आणि आमच्याकडे येणारा पाहुणा फाटक उघडून आत आला की आधी साबण मागतो.

आता खरी गंमत सांगतो. हेच भाऊ एके काळी गाडीखालून बाहेर येत नसत. मी इथे राहायला आलो तेव्हा आमची ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. लाल मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे आणि इंजिनातून आवाज यायचा, "कोण, नवीन शेजारी काय? बसा!" कुठे बसायचं ते कळायचं नाही. कुंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा कप घेऊन त्या पायांपाशी उभ्या राहायच्या आणि पायांशीच बोलायच्या. "अहो, ऐकताय का? बटाटे संपलेत." डावा अंगठा हलला तर ऐकलं, उजवा हलला तर उद्या आणतो, असं काहीतरी त्यांचं ठरलेलं होतं.

मग एका पावसाळ्यात हे सगळं एकदम बंद पडलं. भाऊ गाडीखाली जाईनासे झाले. कारण विचारलं की रोज नवीन. आज गुडघा, उद्या दर्या, परवा म्हणे, "गाडी माझी की मी गाडीचा? मी का म्हणून तिच्या पायाशी जाऊ?" आम्ही आपसांत ठरवून टाकलं की पोट वाढलंय आणि माणूस कबूल करत नाहीये. माझं स्वतःचं मत असं होतं की हा आळस आहे, आणि बोटीवर राहिलेल्या माणसाला आळसालाही तत्त्वज्ञान लागतं. चार वर्षं मी या मतावर ठाम होतो.

खाली न जाता तेल काढायचं, पण कसं, हे जमायला भाऊंना वर्ष गेलं. पहिल्यांदा त्यांनी नळी लावून तोंडाने ओढून बघितलं. त्या दिवशी आळीने प्रथमच भाऊंना गप्प बघितलं. त्यानंतर आंब्यावर फवारायचा पंप उलटा चालवायचा प्रयत्न झाला; तेल बाहेर यायचं ते राहिलं आणि बागेत मारायचं औषध इंजिनात जायला निघालं. शेवटी सायकलच्या हवेच्या पंपातला चामड्याचा वायसर त्यांनी उपसून उलटा बसवला. पंप हवा सोडायचा तो ओढायला लागला. विज्ञानाचा मास्तर असून हे मला सुचलं नव्हतं, हे मी इथेच सांगून टाकतो. आता तेल साठवायला घट्ट झाकणाची बरणी हवी होती. तशी बरणी घरात एकच होती, आणि तिच्यात वहिनींचं लोणचं होतं.

"माझ्या बरणीला हात लावलात तर बघा!" हे मी माझ्या पडवीत ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर वहिनी स्वतःच ती बरणी धुऊन, पुसून, पदराने कोरडी करून गाडीपाशी घेऊन आलेल्या. "ही घ्या. लोणचं दुसऱ्या बरणीत काढलंय." झाकणाला दोन भोकं पाडली, त्यांतून नळ्या घातल्या, फटींना फणसाचा चीक लावला. भाऊंनी पंप ओढला, तेल चढलं, आणि वहिनींनी चक्क टाळ्या वाजवल्या. लोणच्याच्या बरणीचा बळी देऊन बाई टाळ्या कसल्या वाजवते, हे कोडं मला त्या दिवशी पडलं, आणि मी ते सोडून दिलं. मास्तर लोकांची ही एक सवय असते. उत्तर येत नसलं की तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

पुढल्या वर्षी वहिनी गेल्या. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, पंधरा दिवसांत सगळं संपलं. भाऊ महिनाभर बोललेच नाहीत. मग एका सकाळी गाडी चालू झाल्याचा आवाज आला, दहा मिनिटांनी बंद झाला, आणि पंपाचा फसफस आवाज सुरू झाला. "मास्तर! इकडं या! बघा, वरच्यावर!" आम्हाला बरं वाटलं. पण त्यानंतर ते तेल फारच वरचेवर बदलायला लागले. गाडी जायची कुठे, तर बाजारात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत. काढलेलं तेल इतकं स्वच्छ असायचं की फाटकाला लावून काही उपयोग होईना.

भाऊंना एकच मुलगी, स्मिता. ती पनवेलला असते, सातव्या मजल्यावर. या वर्षी श्रावणात तिचा फोन आला आणि भाऊंचा फोन कायम स्पीकरवर असल्यामुळे तो आम्हा सगळ्यांना आला. "बाबा, मी गणपतीला येतेय. स्टेशनवर मला न्यायला गाडी आणा. ती धड चालली तर ठीक. वाटेत बंद पडली, धूर काढला, काही केलंन, तर ती भंगारात आणि तुम्ही माझ्याकडे. एकटं राहून त्या गाडीशी बोलत बसता, लोक मला सांगतात." लोक म्हणजे आमची ही. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"सातव्या मजल्यावर जाऊन मी काय करू?" भाऊ मला म्हणाले.

मी म्हटलं, "तिथे सगळं वरच्यावर."

ते हसले नाहीत. भाऊ आपल्याच शब्दावर हसले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे प्रकरण थट्टेचं नाही. अंगण, गाडी, समोरचा फणस, जाणारा-येणारा पोस्टमन, एवढंच त्यांचं उरलं होतं, आणि ते सगळं आता त्या जुन्या इंजिनावर टांगलेलं होतं.

आणि गणपतीच्या आधी आठ दिवस गाडीखालच्या लादीवर तेलाचा डाग दिसला. सकाळी पुसला, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. नझीर मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, "भाऊ, बुडाचा तेल सोडायचा नट सैल झालाय. इतक्या वर्षांत त्याला कोणी हातच लावला नाही ना. दोन मिनिटं खाली जातो, आवळून देतो."

"नाय."

"तुम्ही नका जाऊ. मी जातो."

"कोणी जायचं नाय."

"बरं, मग गॅरेजला आणा. माझ्याकडे खड्डा आहे."

"त्या खड्ड्यात कोण उतरणार? तूच ना? गाडी तुझ्या डोक्यावरच ना? घरी बायको आहे ना तुझी?"

नझीरने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं. तो निघून गेला.

मग भाऊंनी आंबे काढायचा झेला काढला. त्याची जाळी सोडली आणि काठीच्या टोकाला पाना बांधला. गाडीच्या कडेने लादीवर खडूची रेघ मारली आणि तिच्या अलीकडे पालथे झोपले. "रेघेपलीकडे हात चालतो. मान नाय." हा कायदा कोणी केला, हे सांगितलं नाही. दोन दिवस तो पाना गाडीखाली आंबे शोधल्यासारखा फिरत होता. नट सोडून बाकी सगळ्याला लागला.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. एक नट. दोन मिनिटं. त्यासाठी एक शहाणासुरता माणूस आपलं घर सोडून सातव्या मजल्यावर जायला तयार आहे, पण गाडीखाली कोणाला जाऊ देत नाही! रेघेअलीकडून नट दिसावा म्हणून भाऊ दाढीचा आरसा आणायला आत गेले, तेव्हा मी घरून जॅक आणला. जॅक बुटका होता, म्हणून कुंपणाच्या गडग्यावरचा एक जांभ्या दगडाचा चिरा काढून त्याच्याखाली ठेवला, गाडी उचलली आणि उताणा आत सरकलो. नट दिसला. हात पुढे केला.

आणि माझे दोन्ही पाय कोणीतरी धरले आणि मला फरफटत बाहेर काढलं. शर्ट पाठीवरून मानेपर्यंत गेला. पंच्याहत्तरीच्या माणसात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी उठून ओरडणार होतो, पण भाऊंचा चेहरा बघून थांबलो. त्यांनी जॅक उतरवला, तो चिरा हातात घेतला आणि त्याचा कोपरा अंगठ्याने दाबला. पावसात भिजलेला जांभा. कोपरा मातीसारखा सुटून खाली पडला.

"मीपण हाच ठेवला होता," ते म्हणाले. आणि त्या दिवशी भाऊ पहिल्यांदा हळू बोलले.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी, अशाच पावसात, याच अंगणात, जॅकखाली असाच चिरा ठेवून भाऊ गाडीखाली गेले होते. वहिनींनी चहासाठी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा म्हणाल्या, "आता ओतून टाकते." तेव्हा हे कुरकुरत बाहेर आले आणि कपाला हात लावतात तोच मागे गाडी धाडकन खाली बसली. चिऱ्याचा भुगा झाला होता.

"ती काय ओरडली नाय, रडली नाय. कप खाली ठेवलान नि गळ्याला हात लावून शपथ घातलीन. म्हणाली, अहो, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, पुन्हा गाडीखाली जायचं नाही."

गळ्याची शपथ काय असते ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. लहानपणी आपण सगळ्यांनी घातलेली आहे. घातलेली शपथ मोडली तर जिच्या गळ्याची, तिच्या जिवावर. म्हणून मग मागे लागायचं, "सुटली म्हण, सुटली म्हण." जिने घातली तिनेच सुटली म्हणायचं. तिने म्हटलं की मोकळं.

बरणीचं आणि टाळ्यांचं कोडं मला तिथे लादीवर बसल्या बसल्या सुटलं. चार वर्षं ज्याला मी आळस म्हणत होतो तो काय होता तेही कळलं, आणि मला माझीच लाज वाटली. तरी जित्याची मास्तरकी जाते कुठे. मी म्हणालोच, "भाऊ, पण वहिनी आता नाहीत. ती शपथ लागणार कोणाला?"

"ते मला कळत नाय काय? मी काय खुळा आहे?" भाऊ म्हणाले. "पण तिनं सुटली म्हटलंन नाय. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी डोळे उघडून विचारलंन, गाडीखाली गेला नाहीत ना? मी बोललो, नाय गो, सगळं वरच्यावर. बरं म्हणाली नि झोपली."

मी चिरा उचलून गडग्यावर ठेवला आणि घरी आलो.

गणपतीच्या आदल्या दिवशी भाऊ स्टेशनवर गेले. नट होता तसाच सैल होता. भाऊंनी पट्टीवर खूण बघून तेल भरलं, बरोबर स्वयंपाकघरातली पितळी परात घेतली, आणि स्टेशनात गाडी उभी केल्याबरोबर ती खाली सरकवली. स्मिताची रेल्वे पावणेदोन तास लेट होती. येणारे-जाणारे परातीबद्दल विचारत होते आणि भाऊ त्यांना समजावून सांगत होते. गाडी धूर न काढता, न कुरकुरता स्मिताला घेऊन घरी आली. स्मिता उतरली आणि भाऊंनी आधी परात गाडीखाली ठेवली, मग तिची बॅग काढली.

"मास्तरकाका, हे काय?" तिने मला फाटकाशी गाठून विचारलं. "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता फाटक धरून उभी राहिली. "आई मलापण घालायची. परीक्षेच्या दिवसांत, टीव्ही लावलास तर माझ्या गळ्याची शपथ." फाटकाचं तेल तिच्या हाताला लागलं. साबण मागायचंही तिला सुचलं नाही.

ती तशीच अंगणात गेली. भाऊ परातीपुढे बसले होते. "बाबा," ती म्हणाली, "मी आईचीच मुलगी आहे. मी म्हणू का, सुटली? मी म्हटलं तर चालेल."

भाऊंनी परात जरा पुढे सरकवली. टप, टप, तेल पडत होतं.

"नको गो," ते म्हणाले. "तिचं सगळं संपलं. लोणचं संपलं, साबण संपला, पातळं तू नेलीस. एवढी शपथ तेवढी अजून चालू आहे. राहू दे."

स्मिता त्यांच्या शेजारी लादीवर बसली, परकराचा घोळ सावरून बसावं तशी, चांगल्या कपड्यांत. पुढे पाच दिवस भंगाराचं नाव कोणी काढलं नाही. निघायच्या दिवशी सामान गाडीत ठेवून झालं, मी निरोपाला फाटकात उभा होतो. ती बसता बसता थांबली, वळली आणि आपल्या गळ्याला हात लावला.

"बाबा, गाडी राहू दे. तुम्हीपण राहा इथेच. पण माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, रोज संध्याकाळी मला फोन करायचा. एकही दिवस चुकायचा नाही."

"हे काय गो! रोज? सुटली म्हण."

"नाही म्हणणार."

"अगो, सुटली म्हण!"

"नाही म्हणत. जा."

तिला सोडून भाऊ परत आले तेव्हा पोस्टमन आमच्याकडे आलेला होता. गाडी थांबायच्या आत त्यांनी काच खाली केली आणि आळीच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडले, "मास्तर! आता दोन झाल्या!"

कसल्या दोन, असं पोस्टमनने मला विचारलं. मी त्याला सांगेपर्यंत भाऊ उतरले होते. त्यांनी परात गाडीखाली सरकवली, खडूची रेघ पुसट झाली होती ती नीट ओढली, आणि संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता तरी फोन हातात घेऊन पायरीवर बसले.